तीन दिवस, चावीशिवाय

लेक तिकडं शिकायला.
फोनवर म्हणाली, बाबा, तीन दिवस सुट्टी आहे मला. ग्रानादाला जाऊ.
मी म्हणलं, तिथं बघायचं काय?
म्हणाली, पाणी.

पाणी बघायला विमानानं जाणारा
हर्सूलात मी पहिलाच.

रिटायर होऊन अकरा महिने झाले होते,
तरी रात्री दोनला जाग यायचीच.
एन-सातचा वॉल दोनला, शहागंजचा साडेतीनला,
एकतीस वर्षं.
लांब दांड्याची चावी खांद्यावर, मागं कुत्री.

डोंगरावर तांबडा किल्ला.
चढ दौलताबादएवढा नाही,
गुडघ्यांना काय माहीत.
आत एका बागेत जिना, जिन्याला कठडा,
कठड्याच्या माथ्यावर कौलांची पन्हळ
आणि पन्हळीतून पाणी पळायलंय खाली,
कुणाच्याच हंड्याकडं नाही.
हात धरला. मनगटापर्यंत थंड.
लोक फोटो काढायलेत,
मी वॉल शोधायलो.
पंपाचा आवाज नाही, मग प्रेशर कुठून?
चौकात बारा दगडी सिंह, बाराच्या तोंडातून धार,
बारा नळ
आणि एकावरही भांडण नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत तिथंच जायचं म्हणलं.
प्रज्ञा चिडली. तिकीट महाग, आणि गावात चर्च आहे, बाजार आहे.
पण आली.
पाटाकडेला एक म्हातारा माळी बसला होता, भाकरीसारखं काहीतरी खात,
शेजारी लोखंडी चावी.
तशीच. दांडा जरा आखूड.
मी हवेत फिरवून दाखवलं, डावीकडं, साडेसात आटे,
मग छातीवर हात ठेवून बोटानं एकतीस मोजले.
तो हसला. पुढचे दोन दात नव्हते.
झाकण उचललं.
खालून तोच वास, ओल्या गंजाचा,
नक्षत्रवाडीच्या चेंबरचा.
म्हणाला असेल, घे.
अर्धा आटा फिरवला मी.
वर कुठंतरी एखादं कारंजं वीतभर वाढलं असेल,
मी बघायला गेलो नाही.
वॉलमननं पाणी बघायचं नसतं,
पाइपला कान लावायचा असतो.

तिसऱ्या दिवशी नुसते बसलो. चौकात, संत्र्याच्या झाडाखाली.
प्रज्ञा म्हणाली, आई असती तर?
मी म्हणलं, बाटली भरून घेतली असती.
ती हसली नाही.
वॉलमनच्या घरी पाणी जास्त, असं गल्ली म्हणायची.
म्हणून तिची आई एकतीस वर्षं
सगळ्यांचं भरून झाल्यावर हंडा लावायची.
कधी करंगळीएवढी धार, कधी नुसती हवा.
मला सांगितलं नाही तिनं,
मी ड्युटीवर असायचो.
शेजारच्या शकुंतलाबाईनं सांगितलं, तेराव्यानंतर कधीतरी.

परत आलो तर खाजाभाई चहाच्या टपरीवर.
भिंतीवरची अक्षरं त्याच्यासाठी फोटोत आणली होती,
दर्ग्याच्या कमानीवर असतात तसली.
मला वाटलं होतं, पाणी कसं चढवलं ते लिहिलं असेल.
त्यानं चष्मा वर केला, खाली केला,
ओठ हलवत राहिला.
“एकच बात है रे, बार बार लिखेली.
जीतनेवाला सिर्फ ऊपरवाला.”
“एवढ्या भिंतीवर तेवढंच?”
“तेवढंच.”
मग म्हणाला, वहाँ अब अज़ान होती क्या?
मी म्हणलं, ऐकली नाही. पाण्याचाच आवाज होता.
त्यानं बशीत चहा ओतला, प्यायला नाही लगेच.

आज आठवा दिवस. दोन वाजलेत.
नळ आधी फुसफुसतो, मग खोकतो,
गल्लीत बादल्या वाजायल्यात.
मी खाटेवर उठून बसलोय, हात रिकामा,
मनगट आपोआप वळतंय.
तिकडं तो अर्धा आटा
मी परत बंद केला होता का,
काही केल्या आठवत नाही.